खासदाराच्या बहिणीचं घर

॥ श्री ॥

नवी दिल्ली,
दि. १४ नोव्हेंबर

ती. सौ. आक्का हिस,
गोरखचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगतो की माझी तब्येत ठीक आहे, साखर आटोक्यात आहे आणि तुझी भावजय जया गेल्यापासून स्वयंपाकाला जो माणूस ठेवलाय तो वेळेवर जेवायला घालतो. हॉस्टेलात होतो तेव्हा तुला पत्रं लिहायचो, ती सगळी पैसे मागायची असत. हे तसलं नाही. फोनवर बोलायची सोय राहिली नाही म्हणून लिहितो आहे. गेल्या आठवड्यात तू फोनवर सांगितलंस की दाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय. दुसऱ्याच दिवशी इथल्या एका अनोळखी माणसानं मला डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं. मी कोणाला काही बोललो नव्हतो.

काय झालंय ते सांगतो. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सहकारी संस्था यांच्यासाठी नवं विधेयक येतंय. दिसायला फार सोज्वळ आहे, पण मधोमध एक कलम घुसवलंय. बुडालेल्या संस्थेच्या संचालकांनी सरकारशी तडजोड केली की त्यांच्यावरचे खटले मागे घेता येतील, आणि ठेवीदारांना विचारायची गरज नाही. आपल्याकडच्या ज्या माणसानं सोनईपासून नेवाशापर्यंत लोकांच्या ठेवी बुडवल्या आणि तरी लग्नात पहिल्या रांगेत बसतो, त्याच्या मापानं शिवल्यासारखं ते कलम आहे. नाव लिहीत नाही, तुला कळलं असेल.

मी अर्थ समितीत आहे. बाकीच्यांनी कलम वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं. मी असहमतीची टिपणी देणार आहे, म्हणजे समितीच्या अहवालाला माझा विरोध लेखी जोडला जाईल. तिची मुदत ५ डिसेंबर. त्यानंतर सभागृहात चर्चा होईल तेव्हा बोलणार. तिसरी टर्म चालू आहे, तिन्ही वेळा विरोधी बाकावरच बसलो, आणि मी अर्थसंकल्पावर उठलो की आमच्याच बाकावरचे लोक चहाला उठतात. तुझ्या वर्गातली पोरं गणिताच्या तासालाच बाहेर जायची परवानगी मागत, तसं. पण या खेपेला कोणीतरी माझं ऐकतंय, आणि तेच मला आवडलेलं नाही.

काल चहाला बसलो असताना सत्ताधारी बाजूचा एक गृहस्थ शेजारी येऊन बसला. माझ्या भाषणांचं कौतुक केलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मग त्यानं विचारलं की तुमच्या भगिनी शिंगणापुरात असतात ना, तिथं घरांना दारं नसतात हे खरं का. मी खरं आहे म्हणालो. त्यावर तो हसून म्हणाला की छान आहे, माणसानं असंच निर्धास्त राहावं. आक्का, माझा कप बशीत कलंडला.

म्हणून विनंती. अधिवेशन संपेपर्यंत तरी घराला दार लावून घे. सोनईचा सुतार मी पाठवतो. दाजींना नमस्कार, सुनील आणि सूनबाई ज्योतीला आशीर्वाद. लोभ कायम असावा, आणि एवढा एक हट्ट पुरवावा.

तुझा,
गोरख

---

॥ श्री शनैश्वर प्रसन्न ॥

शनिशिंगणापूर, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर
दि. १९ नोव्हेंबर

चि. गोरख यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग. तुझ्या लोकसभेला हे वाचता येत नसेल म्हणूनच तुझं कोणी ऐकत नसावं.

सुतार पाठवलास तर त्याला चहा पाजून परत पाठवीन. अरे, मला इथं नांदायला येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात झोप लागायची नाही हे मी विसरलेले नाही. पाठराखण म्हणून तूच आला होतास, आणि मोठा पुरुष असल्यासारखा उंबऱ्यात पाय पसरून बसायचास, पाच मिनिटांत घोरायचास. पण पुढं सवय झाली. कुत्र्यांसाठी आडवी फळी आणि वर पडदा, एवढ्यावर दोन बाळंतपणं झाली, तुझे दाजी आजारातून उठले, माझी शाळेतली नोकरी झाली. रस्त्याकडच्या नव्या लॉजवाल्यांनी काचेची दारं केली त्यांचं सोड. आपलं घर जुन्या गावातलं. मास्तरीणबाईंनी दार लावलं म्हणजे त्यांचा देवावरचा भरवसा उडाला, असं घरोघर होईल. शिवाय दाजींचं दुकान आहे तेल-नारळाचं. देवाच्या दारात बसून स्वतःच्या घराला दार कसं लावायचं, असं ते विचारतात. चोराला इथं शनिदेव सोडत नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलास. आपल्याकडून न्यायला आहे तरी काय.

पण तुला खोटं लिहीत नाही, मन थाऱ्यावर नाही. सुनीलला नागापूरच्या वर्कशॉपमध्ये मालकानं बोलावून घेतलं आणि मामा कसे आहेत, असं विचारलं. सात वर्षांत त्या मालकानं त्याच्या बापाची कधी चौकशी केली नव्हती. सोमवारी दोन तरणे पोरगे पाणी मागायला आले. दर्शनाला आलेले वाटले. पाणी पितापिता घरभर नजर फिरवली, आणि एकानं ज्योतीला विचारलं की तुम्ही सगळे दुकानावर गेल्यावर घरी कोण असतं. ज्योतीनं सरळ सांगून टाकलं की कोणी नसतं. तिला तरी काय बोलू, आपल्याकडे कोणीही असंच सांगेल.

आणि सहादेव आले होते. दाजींचे चुलतभाऊ, गाड्यांच्या पार्किंगचं बघतात ते. त्यांचं म्हणणं, वैनी, गोरखभाऊंना सांगा लई ताणू नका, मोठ्या मान्सांच्या भानगडीत आपली गरिबाची पोरं भरडत्यात. मी म्हटलं सांगते. आता सांगितलं.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐक. बनुबाई आठवते ना, आमच्या शाळेत खिचडी शिजवायची ती. आयुष्यभराची पुंजी तिनं त्या मल्टिस्टेटमध्ये ठेवली होती. दर गुरुवारी येते, भिंतीला टेकून बसते आणि गोरखभाऊ काय म्हनले, एवढंच विचारते. तिचं म्हणणं, पैकं ऱ्हाऊ द्या, पर त्यो बाबा गावात छाती काढून फिरतोय ते बघवत न्हाई. तेव्हा तू भी, पण बोल. दोन्ही एका वेळी करता येतं, मी इन्स्पेक्शनच्या दिवशी तेच करायचे.

गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, तो दिल्लीत उधळू नकोस.

तुझी,
आक्का

---

नवी दिल्ली,
दि. २५ नोव्हेंबर

ती. सौ. आक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा त्या पाणी मागायला आलेल्या पोरांपाशी अडकलो ते अजून तिथंच आहे.

काल समितीची बैठक झाली. अहवालाला बाकी सगळ्यांनी मान्यता दिली. मी टिपणी देणार म्हटल्यावर कोणी वाद घातला नाही, हेच वाईट. पूर्वी लोक भांडायचे, मग एकत्र जेवायचे. काल बैठक सुटल्यावर माझ्याबरोबर जिन्यानं उतरायलाही कोणी थांबलं नाही. आमचा प्रतोद, म्हणजे पक्षानं कोणी कधी बोलायचं आणि मत कुठं द्यायचं हे बघणारा माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला की आपल्या पक्षाच्याही चार लोकांच्या संस्था आहेत, एवढं लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवतो म्हणालो. लक्षात ठेवणं हेच तर मी इतकी वर्षं करत आलो.

संध्याकाळी तो चहाच्या वेळचा गृहस्थ घरी आला. फार गोड बोलतो. म्हणाला, तुमच्यासारख्या अर्थतज्ज्ञानं आयुष्यभर विरोधी बाकावर बसून हिशेब तपासायचे ही देशाची हानी आहे, आमच्याकडे या, अर्थ खात्यात राज्यमंत्रिपद मोकळं होतंय. तुला म्हणून सांगतो, क्षणभर मोह झाला. ज्या फायलींची माहिती प्रश्न विचारविचारून थेंबाथेंबानं मिळवली, त्या टेबलावर आपोआप येतील असं वाटलं. मग मी नाही म्हटलं. तो रागावला नाही. उठताना दाजींच्या डोळ्यांची चौकशी केली आणि शनिवारी दुकानात फार गर्दी असते ना, असं म्हणाला.

आक्का, हा माणूस मला धमकी देत नाही. दिली असती तर मी सभागृहात उभा राहून सांगितलं असतं. त्यानं नुसतं विचारलं. विचारण्याविरुद्ध कुठं तक्रार करायची, याचा नियम मला सापडत नाही. रोज सकाळी वाटतं आज काहीतरी ऐकायला येणार, आणि संध्याकाळपर्यंत काही आलं नाही की अजूनच भीती वाटते.

दार लावणार नसशील तर निदान ज्योतीला घरी थांबव. दाजींना सांग, मी हात जोडले आहेत. आपला लोभ हाच सध्या माझा बहुमताचा पक्ष, तो फुटू देऊ नये.

गोरख

---

॥ श्री शनैश्वर प्रसन्न ॥

शनिशिंगणापूर
दि. २ डिसेंबर

चि. गोरख यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. बसून वाच.

आज सकाळी ज्योती दळणाला बाजरी काढायला गेली. आमची पत्र्याची कोठी, मागल्या खोलीत असते ती. तिनं आत हात घातला आणि तशीच उभी राहिली. मग माझा पदर धरून मला तिथं नेलं. बाजरीत काळी पिशवी पुरलेली होती. चेन थोडी उघडली तर आत नोटांची बंडलं. मोजली नाहीत, पुरती उघडलीही नाही. चेन लावली, वर बाजरी लोटली, झाकण घातलं आणि दोघी कोठीला पाठ लावून खाली बसलो.

गोरख, चाळीस वर्षं आम्ही एकच विचार करत आलो की या घरातून कोणी काही नेणार नाही. नेलं तर देव बघून घेईल. पण कोणी आणून ठेवलं तर? हे कधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, दाजींच्याही नाही, आणि तू एवढा हुशार, तुझ्याही नाही. तू दार लाव म्हणालास ते आम्हाला कोणी मारू नये म्हणून, आणि मी नको म्हणाले ते आमचं कोणी चोरत नाही म्हणून. ज्यांनी हे केलं त्यांनी मात्र बरोबर ओळखलं. उद्या गाड्या भरून अधिकारी येतील, सरळ मागल्या खोलीत जातील, झाकण उघडतील, आणि विरोधी खासदाराचा काळा पैसा बहिणीच्या कोठीत सापडेल. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब मागणारा तू, टीव्हीवर तुझाच फोटो येईल.

दाजींचं म्हणणं, पिशवी नेऊन विहिरीत टाकू. पण नेताना कोणी बघितलं तर? दोन पोरगे समोरच्या रसवंतीवर कालपासून बसून आहेत, रस पीत नाहीत. जाळायचं म्हटलं तर धूर होणार. आहे तिथं ठेवायचं म्हटलं तर झोप कशी यायची. फळी लावली तरी काय, फळी कुत्र्यासाठी आहे.

दुपारी सहादेव आले. काम काही नव्हतं. समदं ठीक हाय ना वैनी, असं विचारलं. ठीक आहे म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागल्या खोलीकडे गेली. मी चहा केला, तर न घेताच उठले. तुझे दाजी म्हणतात माझा भाऊ आहे, मनात आणू नकोस. मी आणत नाही, पण ते मनात येऊन बसलंय.

मी काय करणार आहे ते लिहीत नाही. हे पाकीट वाटेत कोणी फोडलं तर पंचाईत. ज्योतीचा मामेभाऊ अजिनाथ आज रात्रीच्या गाडीनं दिल्लीकडे निघालाय, त्याच्या हाती देते. तू फोन करू नकोस आणि इकडे येऊ नकोस. तू तुझं काम कर. शुक्रवारी तुझा तो कागद द्यायचा आहे ना, तो दे.

लोभ आहे, तो आज नुसता धडधडतोय.

आक्का

---

नवी दिल्ली,
दि. ५ डिसेंबर

ती. सौ. आक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल हाती आलं. अजिनाथला जेवूनही जा म्हणालो नाही, तो काय म्हणाला असेल.

आता शांत झोप. कोठीकडे कोणी येणार नाही. मी टिपणी दिली नाही. ती लिहून तयार होती, चार वेळा तपासली होती. आज दुपारी मुदत संपली तेव्हा ती माझ्या बॅगेतच होती. प्रतोदाला सांगितलं की घसा बसलाय, बोलणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा. त्यानं कारण विचारलं नाही, लगेच काढलं. मग मी स्वतः त्या गृहस्थाला फोन लावला. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला की ताईंना सांगा, काळजीचं कारण नाही.

तुला राग येईल हे माहीत आहे. तू लिहिलंस तू तुझं काम कर, आणि मी ते केलं नाही. पण ज्योती कोठीला पाठ लावून बसली आहे हे चित्र डोळ्यांसमोर असताना मला माझं एक वाक्यही वाचवेना. मी घाबरलो, आक्का. साधा सरळ घाबरलो. माझ्या एका कागदासाठी दाजींनी या वयात पोलीस गाडीत बसावं, हे मला पेलत नाही.

बनुबाईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू काही सांगू नकोस. लोभ मागायला आज तोंड नाही.

गोरख

---

॥ श्री शनैश्वर प्रसन्न ॥

शनिशिंगणापूर
दि. ६ डिसेंबर, शनिवार

चि. गोरख यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

झालं. आता सगळं लिहिते, कारण आता कोणी पाकीट फोडलं तरी फरक पडत नाही.

पिशवी सापडली त्या दिवशीच मी एक गोष्ट ठरवली. पिशवी लपवून बाहेर नेता येत नाही, मग ती सगळ्यांना दाखवूनच बाहेर न्यायची. चोरून जे आलं ते चारचौघांत निघालं म्हणजे त्याचं विष उतरतं. पण गर्दी हवी होती, म्हणून शनिवारची वाट बघितली. मधले तीन दिवस कसे काढले ते मला आणि ज्योतीलाच माहीत. गाडीचा आवाज आला की दोघी एकमेकींकडे बघायचो.

आज सकाळी दर्शनाची रांग ऐन भरात असताना मी सरपंचांना आणि शेजारपाजारच्या लोकांना बोलावलं, आणि त्यांच्यासमोरच पोलिसांना फोन केला. मग सुनीलला आणि आळीतल्या पोरांना सांगितलं की कोठी उचला आणि बाहेर रस्त्यात आणा. भरलेली कोठी, चौघं वाकले. लोक थांबले, मोबाईल बाहेर निघाले. मी ओट्यावर उभी राहिले आणि प्रार्थनेच्या वेळी मैदानात लावायचे तसा आवाज लावला. सांगितलं की मी खासदार गोरक्षनाथांची बहीण, माझ्या घराला दार नाही हे तुम्ही बघताच, यात माझी बाजरी आहे आणि माझी नसलेली एक पिशवी आहे, ती पोलीस येईपर्यंत कोणी शिवायची नाही. मग ओट्यावरच बसून पोलिसांची वाट बघितली.

पोलीस आले, सगळ्यांदेखत पंचनामा झाला. पिशवी वर निघाली तेव्हा सहादेव तिथंच मातीत बसले. कोणी विचारलं नव्हतं, तरी बोलायला लागले. त्यांना सांगितलं होतं की निस्ती ठिवायची हाय, घ्यायचं काय न्हाई. पोराच्या नोकरीचं आमिष होतं. आणि त्यांनी मनाशी असा विचार केला होता म्हणे, की देवाचा कोप चोरी करनाऱ्यावर, मी तर उलटं देऊन आलोय, मला कशाला पाप लागंल. दाजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. रसवंतीवरचे पोरगे तेवढ्यात कुठं गेले ते कोणाला दिसलं नाही.

तर आता तू मोकळा आहेस. टिपणी तू काल दिलीच असशील. तुझं भाषण असेल त्या दिवशी बनुबाईला टीव्हीपुढे बसायला बोलावलंय, ती आत्तापासून कोणतं लुगडं नेसायचं विचारतेय. घसा सांभाळ, थंड काही पिऊ नकोस.

लोभ आज जरा फुशारलाय, त्याला तसाच राहू दे.

आक्का

---

शनिशिंगणापूर
दि. ९ डिसेंबर

चि. गोरख यास,
आशीर्वाद.

तुझं ५ तारखेचं पत्र आज आलं. शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर सगळं बघून तू फोन केलास आणि नुसता रडत होतास. मला वाटलं सुटलो म्हणून रडतोय. मीही रडले. आता कळलं तू कशाला रडत होतास.

पत्र वाचलं. राग आला. तुझा आला, मग माझाच आला, की पत्रात आपला बेत लिहिला असता तर एक दिवस तू धीर धरला असतास. मग वाटलं, लिहिला असता तरी तू भ्यालाच असतास. माझ्यासाठी भ्यालास, त्याला मी काय बोलू. मला पिशवीची भीती वाटत होती, तुला माझ्यासाठी वाटत होती. तुझी भीती जास्त वाईट.

बनुबाईला अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी ती येणार. तिच्यासमोर बसून खोटं बोलायचं वय माझं राहिलं नाही.

एक विचारते. तू दहा-बारा वर्षं त्या नियमांच्या पुस्तकाला चिकटून बसलास. जया म्हणायची की उशाला तेच असतं. ज्याचं नाव यादीत नाही, ज्यानं टिपणी दिली नाही, अशा माणसाला सभागृहात करता येण्यासारखं काहीच उरत नाही का? नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. असेल तर मला लिहू नकोस, कर.

तुझी,
आक्का

---

नवी दिल्ली,
दि. १६ डिसेंबर

ती. सौ. आक्का हिस,
सा. न. वि. वि.

आज विधेयक झालं. तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, पण मी मागल्या रांगेत होतो आणि कॅमेरा माझ्याकडे फारसा वळत नाही, म्हणून लिहितो.

चर्चा चालू होती तेव्हा मी गप्प बसून होतो. आमच्या पक्षातर्फे जो बोलला त्यानं विधेयकाचं स्वागत केलं आणि दोन शेर म्हटले. मग कलमावर आवाजी मतदान झालं. हो म्हणणाऱ्यांनी हो म्हणायचं, नाही म्हणणाऱ्यांनी नाही, आणि अध्यक्षांनी आवाजावरून निकाल सांगायचा. निकाल होकाराचा, असं ते म्हणाले. या पद्धतीत कोण कुठल्या बाजूचा हे कुठं लिहिलं जात नाही, म्हणून ती सगळ्यांना सोयीची. पण एखाद्यानं उठून हरकत घेतली तर मतविभाजन मागता येतं. मग एकेकाचं मत नावानिशी नोंदलं जातं. तू विचारलंस ना, काय उरतं. एवढं उरतं.

मी उठलो. आवाज असा फुटला की मलाच ओळखू येईना. मतविभाजन, एवढंच म्हणालो. सगळे वळून बघायला लागले. घंटा सुरू झाल्या, बाहेरचे सभासद धावत आत आले आणि नियमाप्रमाणे दारं लावून घेतली. पण एकदा हरकत घेऊन भागत नाही. घंटा थांबल्यावर अध्यक्ष पुन्हा विचारतात, आणि पुन्हा हरकत घेतली तरच मतदान होतं. मधली ती थोडी मिनिटं असतात माणसाला विचार बदलायला. प्रतोद माझ्या कानाशी वाकून म्हणाला की बसा, तिकीट विसरा नाहीतर. समोरच्या बाकावरून तो गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होता. त्यानं ओठांनीच ताई म्हटलं, की मला तसं वाटलं, देव जाणे.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं, निकाल होकाराचा. मी पुन्हा उठलो. बाकाला धरून उठलो, आक्का, तसा उठताच येईना.

कलम मोठ्या फरकानं मंजूर झालं. आमच्या पक्षाचे लोक तटस्थ राहिले. माझ्या बाजूनं कोपऱ्यातले थोडे लोक होते, त्यातल्या दोघांना मी नावानं ओळखतही नव्हतो. पण आता सगळं छापलं गेलंय. आपल्या जिल्ह्यातला, शेजारच्या जिल्ह्यातला कोण कोणत्या बाजूला होता, ते पुसता येणार नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर त्याला तेवढा आधार होईल, नाहीही होणार.

संध्याकाळी निरोप आला की अर्थ समितीतून माझं नाव काढलंय. पुढल्या वेळी तिकीट मिळणार नाही हे कोणी सांगायची गरज नाही. आता माझ्या बाजूनं भीतीला धरून ठेवायला काही उरलं नाही, तरी ती जात नाही. दाराची बेल वाजली की अजून दचकतो. पुढं ते काय करतील ते मला माहीत नाही. सुनीलला जपून राहायला सांग.

लोभ असावा, पूर्वीइतका नसला तरी चालेल.

गोरख

---

॥ श्री शनैश्वर प्रसन्न ॥

शनिशिंगणापूर
दि. २० डिसेंबर

चि. गोरख यास,
आक्काचे भरभरून आशीर्वाद.

तू दिसला नाहीस हे खरं. पण आवाज आला. आम्ही सगळे बसलो होतो, दाजी ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पट्टी बांधून नुसते ऐकत होते. त्यांनीच आधी ओळखलं, गोरख आहे म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा तो जास्तच थरथरत होता.

बनुबाईला मी आधीच्या गुरुवारीच सगळं सांगून टाकलं होतं, तू टिपणी दिली नाहीस तेही. ती तशीच उठून गेली होती आणि मला वाटलं होतं आता येणार नाही. पण मंगळवारी टीव्ही बघायला आली, जुन्याच लुगड्यात. कलम झालं हे तिला समजावलं तेव्हा तिनं मान हलवली, तिला ते आधीच माहीत असल्यासारखी. मग उठताना म्हणाली, गोरखभाऊ लई भ्यालं हुतं व्हय, आवाजावरनं कळतंय. मी व्हय म्हटलं. तिचं म्हणणं, मंग भिऊन बी उठलं की. एवढंच बोलली आणि भाकरीचा कुटका घेऊन शेळीकडे गेली.

सुनीलचं वर्कशॉपमधलं काम काल सुटलं. कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. आता दाजींबरोबर दुकानावर बसतो. सहादेवांना पोलीस रोज बोलावतात, आणि जाताना ते आमच्या ओट्यापाशी थांबून दाजींना जातो म्हणून सांगतात. ज्योती कोठीत हात घालायच्या आधी काठी घालून बघते. अनोळखी माणसानं पाणी मागितलं तर मी तांब्या देते आणि तो जाईपर्यंत तिथंच उभी राहते. खोटं कशाला लिहू, आम्हाला सगळ्यांना भीती वाटते, आणि ती लवकर जाईल असं दिसत नाही.

समिती गेली, तिकीट जाईल, पण अधिवेशन काल संपलं आणि तुझं तिथलं कामही. मग त्या क्वार्टरमध्ये बेल वाजायची वाट बघत कशाला बसतोस. लोभाचं विचारतोस तर तो होता तेवढाच आहे, चार माणसांत वाटून खातो. तू घरी ये. तिथं एकट्यानं भ्यायचं ते इथं सगळे मिळून भिऊ.

तुझी,
आक्का